घासून परत आलेला डबा

माझा भाऊ जेवून मेला, असं पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले. अगदी असंच म्हणाले. "दुपारी घरचा डबा सगळा खाल्ला, पाणी प्यायला, जरा आडवा झाला आणि छातीत कळ आली. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. आमच्याकडून काही कमी पडलं नाही, ताई." बोलताना ते पेनाचं टोपण काढत होते, लावत होते, परत काढत होते. ताई म्हणे! मी यांची ताई कधी झाले, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण आई शेजारी बसली होती, म्हणून गिळलं.

आईनं एवढंच विचारलं, "पण जेवला ना?"

"सगळं खाल्लं, आई. डबा रिकामा आला ना तुमच्याकडे परत?"

"हो," आई म्हणाली. "घासूनपुसून आला."

आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

का, ते सांगते. पण आधी आमच्या घराचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्या साहेबांसारखेच म्हणाल की बाईचं डोकं फिरलंय.

मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून 'क्लच, क्लच, अहो क्लच!' असं ओरडून माझा आवाज फाटलाय, आणि डोकं तर मूळचंच तापट. बारक्या, माझा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करायचा. लहानपणी काडीसारखा होता म्हणून बारक्या. पुढे एवढा वाढला की आमच्या न्हाणीघराच्या दारात मान वाकवावी लागायची, तरी नाव तेच राहिलं. ज्या इमारतीतली लिफ्ट त्यानं दुरुस्त केली, तिथल्याच एका घरात नंतर चोरी झाली. बाहेरून आलेला माणूस हा एकटाच, म्हणून पोलिसांनी याला बोलावलं. "दोन प्रश्न विचारतो आणि सोडतो," असं म्हणून सकाळी घेऊन गेले. अंगात कामाचा शर्ट होता, खिशात टेस्टर होता. तो टेस्टर तेवढा आम्हाला परत मिळाला.

आता डब्याचं. आमची आई स्वयंपाक करताना चव घेत नाही. आजतागायत घेतलेली नाही. चव घेत बसलं की हाताचा अंदाज बिघडतो, असं तिचं म्हणणं. सकाळी शिजवायची ते सगळं आमच्या डब्यांत जायचं, घरात काही उरायचं नाही. मग कळणार कसं जमलंय की फसलंय? म्हणून शाळेपासून आम्हाला तिचा दंडकच होता: डब्यात शेवटचा एक घास ठेवायचा. संध्याकाळी ती डबे उघडायची, दोघांचे दोन घास खायची आणि स्वतःलाच बोल लावायची. "आज तिखट सांडलंय मेलं." "आज बरं उतरलंय." एकदा बारक्यानं सगळा डबा फस्त केला आणि आई रागावेल म्हणून मित्राच्या डब्यातला घास आपल्या डब्यात ठेवून आणला. आईनं तोंडात घातला मात्र, लगेच ओळखलं. दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी. त्यानंतर आमच्यापैकी कुणी कधी डबा संपवला नाही. बारक्या तिशी ओलांडून गेला, मिशा आल्या, हाताखाली माणसं आली, तरी त्याच्या डब्यात घास असायचाच. त्याच्या कामावरची माणसं म्हणायची, "मांजर पाळलंय का घरी?"

त्याला आत ठेवलं तेव्हा भेटू देत नव्हते. डबा मात्र चालेल म्हणाले. दुपारी मी शिकवायच्या गाडीतूनच जायचे. फाटकावर एक हवालदार खुर्चीत बसलेला असायचा, सदा पेंगत. मी मनातल्या मनात त्याचं नाव डुलक्या ठेवलं होतं. तो डबा आत न्यायचा, मी भिंतीलगतच्या बाकावर बसून राहायचे, आणि थोड्या वेळानं तो रिकामा डबा आणून द्यायचा. पहिले काही दिवस डब्यात घास होता. भाताचा, भाजी लावलेला, कोपऱ्यात नीट सारून ठेवलेला. आई तो बोटानं उचलून खायची आणि तिथंच, ओट्यापाशी उभ्या उभ्या रडायची. पण ते रडणं बरं होतं. आत माणूस आहे, तो जेवतोय आणि त्याला आपली आठवण आहे, एवढं तरी त्यातून कळायचं.

मग एके दिवशी डबा आला तो लख्ख. घास नाही, शीत नाही, आतून पुसून कोरडा केलेला. मी म्हटलं, "आई, घास ठेवला नाही त्यानं." तर ती चक्क हसली. "भूक लागली असेल पोराला. सगळं खाल्लं, बघ." दुसऱ्या दिवशीही तसाच लख्ख. आई खूश. आणि त्याच दिवशी संध्याकाळी आम्हाला बोलावून घेतलं आणि सांगितलं की तो गेला.

म्हणून माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्या भावानं तो डबा खाल्लेला नव्हता. त्याच्या नावानं दुसऱ्याच कुणीतरी खाल्ला होता.

हॉस्पिटलात आम्हाला फक्त चेहरा दाखवला. हनुवटीपर्यंत पांढरी चादर. ओठ फुटलेला होता. "पडताना लागलं असेल," तिथला माणूस म्हणाला. मी चादरीला हात घातला तशी त्यानं माझं मनगट धरलं. "बाई, नियम आहे." मी म्हटलं, "भाऊ माझा आहे की नियमाचा?" मागं साहेब उभे होते. अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमचं गाडी शिकवायचं काम ना? परवाना मधूनमधून नवा करावा लागतो, नाही?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण आईचा हात माझ्या हातात होता.

मग त्यांनी एक कागद पुढं केला. 'मृत्यूबद्दल आमची काही तक्रार नाही' असं लिहिलेलं. सही केली की आजच घेऊन जा. सही करायची नसेल तर उद्या चौकशीला या, वरून एक बाई नेमल्या आहेत, त्यांना कारण सांगा. कारण पटलं तर देह दुसऱ्या हॉस्पिटलात जाईल, तिथले डॉक्टर परत तपासतील. नाही पटलं तर हाच कागद आणि हीच सही, फक्त एक दिवस उशिरा. एकदा देह हातात आला आणि आपण त्याला निरोप दिला की मग विचारायचं काय आणि दाखवायचं काय? सगळं तिथंच मिटणार होतं. हे मला कळत होतं आणि साहेबांनाही कळत होतं.

"उद्या येतो," मी म्हटलं.

घरी आलो तर मामा येऊन बसलेला. आईचा धाकटा भाऊ, आयुष्यभर एका कचेरीत टायपिस्ट होता. माणूस प्रेमळ, पण साहेब हा शब्द ऐकला की आपोआप उभा राहतो. मी डब्याचं आणि फुटलेल्या ओठाचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"पोरी, हे तू त्या बाईंना सांगणार? घास ठेवला नाही म्हणून?"

"हो. सांगणार."

"हसतील गं तुला. भुकेला माणूस कधी घास ठेवतो का, असं म्हणतील. आणि खरं सांगू? पोर गेलं. ते काही परत येत नाही. निदान जेवून गेलं असं तरी मानू या. ताईला तेवढाच आधार आहे." ताई म्हणजे माझी आई.

"मामा, कोणीतरी मारलंय त्याला!"

"ओरडू नकोस. मलाही कळतं, तो ओठ कसा फुटला ते." त्याचा आवाज फुटला. "पण तिच्याकडे बघ ना जरा."

आई ओट्यापाशी बसली होती, रिकामा डबा मांडीवर घेऊन. ती आमचं ऐकत होती की नव्हती, कोण जाणे. मधेच म्हणाली, "काल मीठ दोनदा पडलं की काय, कळत नाही गं. मीठ घातलं, मग तुझा फोन वाजला, मग परत डबीत हात गेला. का पहिल्यांदा घातलंच नव्हतं? खारट झालं असेल तर काय खाल्लं असेल पोरानं?"

त्या दिवसांत आमच्या घरात फक्त त्याच्यापुरतंच शिजत होतं. आई चहावर होती, मी रस्त्यात मिळेल ते खात होते. त्यामुळे त्या भाजीची चव घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

"अगं आई, मीठ मीठ काय लावलंयस! इथं काय चाललंय आणि तुझं काय!"

मी असं बोलायला नको होतं. तिनं डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

सकाळी चौकशीच्या आधी मी एकटीच ठाण्याच्या फाटकावर गेले. डुलक्या खुर्चीतच होता, पण पेंगत नव्हता. मला पाहिलं आणि ताडकन उभा राहिला. मी गाडीतून डबा काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"घ्या. वेळेआधी आणलाय आज."

"ताई… आता कशाला?"

"का? सवय झाली असेल ना. डबा नाही आला तर चुकल्यासारखं वाटेल."

त्यानं इकडे तिकडे पाहिलं. आत जाणारा एक शिपाई क्षणभर थांबला आणि पुढे गेला. डुलक्या हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही जा इथून."

"जाते. एकच सांगा. काल आणि परवा डबा घासला कुणी?"

"मी." चटकन बोलून गेला. "आमच्या घरी तशी पद्धत आहे. कुणाचं भांडं खरकटं परत देत नाही आम्ही. घासूनच देतो."

"आणि त्याच्या आधी? तेव्हा का नाही घासलात?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी रोज माणसांच्या शेजारी बसते. कुणाचा पाय ब्रेकवर आहे आणि कुणाचा चुकून ॲक्सिलरेटरवर, ते मला त्याच्या आधी कळतं. या माणसाचा पाय दोन्हींवर एकदमच होता.

"आधी तो घास ठेवायचा, तसाच डबा तुम्ही मला द्यायचात," मी म्हटलं, "कारण तो खात होता. मग घासायची वेळ आली, कारण दुसरं कुणीतरी खाल्लं. कुणी खाल्लं?"

"मला मुलं आहेत, ताई."

"माझ्या आईलाही होतं एक."

तो वळला आणि आत गेला. मी डबा हातात घेऊन तिथंच उभी राहिले. वाटलं, हा डबा फाटकावरच्या पाटीवर फेकून मारावा. मग गाडीत बसले आणि आईला आणायला घरी गेले.

चौकशीची खोली साधीच होती. लांब टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आवाज करत फिरणारा पंखा. टेबलामागं चौकशीच्या बाई. माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर काही नाही. एका बाजूला साहेब आणि त्यांच्यामागं डुलक्या, इस्त्रीच्या कपड्यांत. दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं. आईनं पिशवीतून डबा आणला होता, तो कशाला ते मी विचारलं नाही.

साहेबांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. डबा, पाणी, छातीत कळ, हॉस्पिटल. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची शंका काय आहे?"

मी सगळं सांगितलं. घासाचं, आईच्या दंडकाचं, मित्राच्या डब्यातल्या घासाचंसुद्धा. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं ते किती पोरकट वाटतंय. साहेब खाली बघून हसले. मोठ्यानं नाही, नुसतं नाकातून. मामानं माझ्या कोपराला हात लावला. मी आवाज चढवला, "हसताय काय? आमच्या घरात नाही संपवत कुणी डबा!"

"शांत बसा," बाई म्हणाल्या. तुटकपणे नाही, पण म्हणाल्या. "मी समजू शकते. पण माणूस नव्या ठिकाणी असतो, भुकेला असतो, घाबरलेला असतो. घरची सवय मोडू शकते. एवढ्यावर मला दुसऱ्या तपासणीचा आदेश देता येणार नाही. दुसरं काही आहे का?"

दुसरं काही नव्हतं. ओठ फुटलेला होता, पण त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं.

बाईंनी डुलक्याला पुढं बोलावलं. "डबा तुम्हीच आत नेत होता?"

"हो, बाई."

"आरोपीनं खाल्ला?"

तो साहेबांच्या पाठीकडे बघत होता. "हो, बाई. मी नंतर घासून दिला. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि तो कागद त्यांनी आमच्याकडे सरकवला. तोच कागद. 'आमची काही तक्रार नाही.' पेन वर ठेवलं. मामानं एक उसासा सोडला. मी तो कागद फाडणार होते, खरंच फाडणार होते, तेवढ्यात आई उठली.

ती टेबलाकडे गेली नाही, सरळ डुलक्यापुढं जाऊन उभी राहिली. डबा दोन्ही हातांत धरलेला. त्याच्या छातीपर्यंतसुद्धा ती पोचत नव्हती.

"मला एकच सांग, बाळा," ती म्हणाली. "परवाच्या भाजीत मीठ दोनदा पडलं होतं का? मी चव घेत नाही रे कधी. कालपासून जिवाला घोर लागलाय माझ्या. फार खारट झालं होतं का?"

डुलक्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला, घरात कुणी म्हातारं माणूस काही विचारतं तेव्हा होतो तसा.

"नाही हो, आई," तो म्हणाला. "खारट कुठलं? मीठच नव्हतं. मी वरून घालून घेतलं."

पंखा फिरत होता.

साहेबांनी गर्रकन मान वळवली. मामाच्या हातातला चष्मा खाली पडला. बाईंनी पेन उचललं आणि कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"तुम्ही घालून घेतलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही."

"चव बघितली असेल त्यानं, त्यात काय एवढं…" साहेब उठत म्हणाले.

"तुम्ही बसा. मी त्यांना विचारतेय."

डुलक्या आईकडेच बघत होता. आई त्याच्यासमोरून हलली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी जमा झालं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

"दोन्ही दिवस मीच खाल्लं," तो म्हणाला. "तो उठत नव्हता, बाई. त्याच्या आदल्या रात्री त्याला वरच्या खोलीत नेलं होतं, तिथून उचलून आणला. पाणीसुद्धा घशाखाली जात नव्हतं. साहेब म्हणाले, डबा घेत राहा, नाही घेतला तर घरच्यांना शंका येईल. मला फेकवेना. इतकं निगुतीनं भरलेलं असायचं." मग आईला म्हणाला, "फेकवेना मला, आई."

साहेब ओरडायला लागले. बाईंनी दाराबाहेरच्या माणसाला आत बोलावलं आणि साहेबांना बाहेर बसायला सांगितलं. त्यानंतर बरंच लिहिणं झालं. डुलक्याचं बोलणं लिहून घेतलं, त्यानं त्याखाली सही केली. देह त्याच दिवशी दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायचा आदेश निघाला. आम्हाला बारक्या आज मिळणार नव्हता, उद्याही नाही. मामा माझ्या कानाशी पुटपुटत राहिला, "जिंकलो गं पोरी आपण, जिंकलो." मला त्याला गप्प बस म्हणावंसं वाटत होतं आणि त्याला मिठीही मारावीशी वाटत होती.

बाहेर आल्यावर आईला गाडीत बसवलं. शिकणारा बसतो त्या जागेवर मी बसले आणि ती माझ्या रोजच्या जागेवर. तिनं डबा मांडीवर ठेवला. मी किल्ली फिरवली, क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. ज्या चुकीसाठी मी रोज लोकांवर खेकसते तीच. परत किल्ली फिरवायला हात गेलाच नाही. आनंदानं छाती फुटत होती माझी, आणि त्याच वेळी तो उचलून आणला होता, पाणी जात नव्हतं, हे कानात वाजत होतं.

"आई, काय विचारलंस गं तू," मी म्हटलं. "तुला कसं सुचलं? का सहजच विचारलंस?"

तिनं डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, परत लावलं.

"म्हणजे उपाशीच गेला," ती म्हणाली.

मी हँडब्रेक ओढला.

"मला डबा लख्ख आला त्या दिवशीच कळलं होतं गं. घास नव्हता ना." तिनं पदरानं झाकणावरचा डाग पुसला. "पण जेवला म्हणून कुणी सांगितलं की बरं वाटायचं."